एकतीस मार्च आणि दोन केक



गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतील एका घरी नातवाच्या वाढदिवसाला जाण्याचा योग आला. टेबलावर दोन मजली केक मांडला होता आणि त्याच्या खोक्यावर ठळक अक्षरांत तो अंडेविरहित असल्याची ग्वाही छापलेली होती. यजमानीणबाई कौतुकाने म्हणाल्या, "काकू, अगदी निःशंक मनाने खा. पूर्ण जैन केक आहे. फोन केला की तासाभरात दारात!" केक खरोखरच उत्तम होता. परंतु तो खाताना माझे मन आमच्या माळ्यावर ठेवलेल्या एका काळ्या ठिक्कर पडलेल्या कुकराकडे जाऊन पोहोचले. त्या कुकरात डाळ-भात शिजून पस्तीसहून अधिक वर्षे झाली. मोडीत काढावा असे घरातील प्रत्येकाने एकेकदा सुचवून पाहिले. तो मोडीत निघाला नाही. या वेळचे लेखन त्या कुकराविषयी आणि त्याचे बूड जाळणाऱ्या हातांविषयी आहे.

आमच्या चिरंजीवांचा जन्म ३१ मार्च १९८६ चा. आज कोणी ही तारीख ऐकली की हळहळतो, कारण ३१ मार्च म्हणजे बँकेचे वार्षिक क्लोजिंग हे आता सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्या काळी बँकांचे हिशेबाचे वर्ष ३१ डिसेंबरला संपत असे. प्रसूतीनंतर मला भेटायला आलेले आमचे शाखाधिकारी हसून म्हणाले होते, "बाई, चिरंजीव हुशार निघाले. क्लोजिंगपासून बरोबर तीन महिने दूर राहिले." पुढे दैवाने गंमत केली. बँकांचे वर्ष सरकारी आर्थिक वर्षाशी जुळवून घेण्याचा निर्णय झाला. १ जानेवारी १९८८ ला सुरू झालेले वर्ष डिसेंबरात न संपता पंधरा महिने चालले आणि ३१ मार्च १९८९ ला बंद झाले. मुलाने क्लोजिंग टाळले होते खरे, पण क्लोजिंगच त्याच्या वाढदिवसापाशी चालत आले. त्यानंतर माझ्या निवृत्तीपर्यंत त्याच्या एकाही वाढदिवशी मी दिवसाउजेडी घरी नव्हते.

'दिवसाउजेडी' हा शब्द या मासिकाच्या वाचकांना समजावून सांगायला नको. सांगलीतील आमच्या घरी सूर्यास्तानंतर कोणाच्याही तोंडात अन्नाचा कण जात नसे. मार्चअखेर आमच्याकडे सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो. माझ्या सासूबाई, ज्यांना घरीदारी सगळे आक्का म्हणत, त्याआधी दोन घटका जेवण आटोपण्याच्या मताच्या. म्हणजे वाढदिवसाचा जो काही समारंभ करायचा तो सहाच्या आत. आणि क्लोजिंगच्या दिवशी सहा वाजता बँकेत आम्ही पहिली बेरीज जुळवायला बसत असू.

पण मी थोडी पुढे गेले. केक आमच्या घरात शिरला तो पहिल्या वाढदिवसाला, १९८७ साली, आणि शिरल्या पावली परत गेला. यजमानांच्या एका स्नेह्यांनी मोठ्या हौसेने बेकरीतून केक आणला होता. त्यावर गुलाबी साखरेचे फूल होते. आक्कांनी विचारले, "अंडं हाय का ओ ह्यात?" स्नेही गोरेमोरे झाले. त्या काळात आमच्या गावात अंड्याशिवाय केक सहज मिळत नसे आणि ते बिचारे ही गोष्ट साफ विसरले होते. आक्का रागावल्या नाहीत. त्यांनी पाहुण्यांना आग्रहाने फराळ दिला आणि केक तितक्याच आदराने परत नेऊ दिला. मात्र वर्षाच्या बाळाने ते गुलाबी फूल एकदा पाहिले होते. दरवाजातून बाहेर जाणाऱ्या खोक्याकडे हात करून त्याने जो टाहो फोडला, तो गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेला असावा.

रात्री पोर झोपल्यावर आक्का मला म्हणाल्या, "त्याला काय कळतंय अंडं कुठलं नि साखर कुठली? त्याला फूल दिसलं. तुला येतं का गं तसलं करायला, आपल्यातलं?"

मला येत नव्हते. एम.कॉम.च्या अभ्यासक्रमात केक नव्हता. बँकेत माझ्या शेजारच्या काउंटरवर बसणारी सहकारी मात्र या कलेत निपुण होती. पुढच्या वर्षी तिने मला कृती सांगितली आणि मी ती एका कोऱ्या पे-इन स्लिपच्या पाठीमागे घाईघाईने टिपून घेतली. ग्राहक समोर उभा होता, एक डोळा चेकवर होता. तिने खाण्याचा सोडा 'एक टी-स्पून' असे सांगितले. मी नुसते 'एक चमचा' असे लिहिले. हाताखालून रोज लाखांचे आकडे जाणाऱ्या बाईने एककच लिहू नये, याला काय म्हणावे!

१९८८ च्या ३१ मार्चला अर्ध्या दिवसाची रजा काढून मी केक केला. घरी नुकताच ॲल्युमिनियमचा गोल विजेचा ओव्हन आला होता. झाकणाला काचेची छोटी खिडकी, पण तापमान दाखवणारा काटा नाही. चमचा म्हणून मी डाळीवर फोडणी घालायचा चांगला भरभक्कम चमचा वापरला. पहिल्या दहा मिनिटांत केक झपाट्याने फुगला. आम्ही सारे खिडकीतून पाहत होतो आणि यजमान टाळ्या वाजवत होते. पंधराव्या मिनिटाला तो भांड्याबाहेर आला. विसाव्या मिनिटाला मध्येच खचला. बाहेर काढला तेव्हा त्याचा रंग विटेसारखा आणि वास धोब्याकडच्या गाठोड्यासारखा होता. आक्कांनी एक तुकडा जिभेवर ठेवला आणि शांतपणे विचारले, "कपडं धुवायचा सोडा घातलास काय?"

सर्वजण हसले, मला रडू आले. पुष्कळ वर्षांनी मला समजले की आक्कांचे म्हणणे रसायनशास्त्राच्या दृष्टीने अगदी अचूक होते. खाण्याच्या सोड्याला दही, ताक, लिंबू असे काही आंबट पुरेसे मिळाले, तर त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो आणि पीठ हलके होते. आंबट कमी आणि सोडा जास्त झाला, तर उरलेल्या सोड्याचे उष्णतेने सोडियम कार्बोनेट बनते, आणि तोच धुण्याचा सोडा! साबणासारखी चव आणि तांबूस रंग ही त्याचीच देणगी. म्हणजे मी घातला होता खाण्याचा सोडा, पण ताटात आला तो धुण्याचाच.

बेकिंग पावडरमध्ये ही अडचण बरीचशी दूर केलेली असते. तिच्यात सोडा, त्याला पुरेल इतके कोरडे आम्ल आणि दोघांना ओलीपासून अलग ठेवणारे स्टार्च एकत्र असते. या पावडरीच्या जन्माची कथा आपल्या वाचकांना विशेष आवडेल. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरात अल्फ्रेड बर्ड नावाचे एक रसायनज्ञ औषधविक्रेते होते. त्यांच्या पत्नीला अंडी सोसत नसत आणि यीस्टही सोसत नसे. पत्नीला कस्टर्ड खाता यावे म्हणून त्यांनी १८३७ साली मक्याच्या पिठाचे, अंड्याशिवायचे कस्टर्ड तयार केले. आणि यीस्टशिवाय पाव फुगावा म्हणून १८४३ साली बेकिंग पावडर. आपण आज अंड्याशिवाय केक करतो तो अहिंसेच्या श्रद्धेने. पण त्याचे साधन हाती आले ते एका नवऱ्याने बायकोच्या पथ्याची काळजी वाहिली म्हणून. घरातील एकाला चालत नाही, तर ते सर्वांसाठीच निराळ्या रीतीने करू, ही वृत्ती मला आक्कांच्या जातकुळीची वाटते.

आता १९८९ सालाकडे येते. मार्चअखेरीचे ते पहिलेच क्लोजिंग. संगणक नव्हते. बचत खात्यावरील व्याज दर महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंतच्या किमान शिलकेवर काढायचे, आणि तेही लेजरच्या प्रत्येक पानावर हाताने. शिवाय या वेळी पंधरा महिन्यांचा ताळेबंद. मी नुकतीच अधिकारी झाले होते. रजेचा प्रश्नच नव्हता. आदल्या रात्री मी ती पे-इन स्लिप स्वयंपाकघरातील खिळ्याला टोचली आणि म्हटले, "आक्का, यंदा शिराच करू. केक मी रविवारी करीन."

आक्का म्हणाल्या, "वाढदिवस रविवारी हाय व्हय? तू जा बँकेत. मी बघते."

त्यांनी काय पाहिले ते मला नंतर कळले. विजेच्या ओव्हनवर त्यांचा विश्वास नव्हता. वाट्यांचे माप त्यांनी आपल्या सवयीच्या चिपट्या-मापट्यांत बसवले. सोडा मात्र चिमटीने घातला, गेल्या वर्षीचा धडा त्या विसरल्या नव्हत्या. मग इडली किंवा ढोकळा करतात त्याप्रमाणे कुकरात दोन तांबे पाणी ओतले, त्यात भांडे ठेवले आणि अर्धा तास वाफ काढली. जे तयार झाले ते पांढरे स्वच्छ, मऊ, ओलसर आणि गोड होते. त्याला केक म्हणणे कठीण होते. तीन वर्षांचे चिरंजीव गल्लीभर सांगत सुटले, "आज्जीनं गोड ढोकळा केलाय, आणि त्याच्यावर फूल पण हाय!" फूल कागदाचे होते. मेणबत्ती लावून फुंकणे आक्कांना मान्य नव्हते, दिवा आपल्या तोंडाने विझवायचा कसा, असे त्या म्हणत. त्याऐवजी निरांजनाने औक्षण झाले, सहाच्या आत मुलांना खाऊ वाटला गेला आणि समारंभ पार पडला.

मी घरी पोहोचले तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजून गेले होते. बँकेतील दोघे सहकारी मला दारापर्यंत सोडून गेले. ताळेबंदात काही पैशांचा फरक राहिला होता आणि तो सापडेपर्यंत साडेअकरा झाले होते. घर झोपले होते. मी सरळ स्वयंपाकघरात गेले. ओटा पुसलेला, भांडी पालथी घातलेली, फळीवर काही झाकून ठेवलेले नाही. आमच्या घरी शिळे ठेवण्याची पद्धत नव्हती. ठेवले असते तरी त्या वेळी मी खाल्ले नसते. हे दोन्ही नियम मी मनापासून पाळत आले होते. तरीदेखील त्या रात्री रिकाम्या फळीकडे पाहून माझ्या मनात आले की या घरातील वाढदिवसात माझ्या नावाचा एक घासही नव्हता. भुकेचा प्रश्न नव्हता. पेढीवर दुसऱ्यांच्या पैशापैशाचा हिशेब लावून आले होते आणि माझ्या मुलाचा तिसरा वाढदिवस कसा झाला हे मला ठाऊक नव्हते. मी तशीच ओट्याला टेकून बराच वेळ उभी राहिले. नोकरी सोडावी, असा विचार आयुष्यात एकदाच गंभीरपणे आला, तो त्या रात्री.

पहाटे कसल्याशा खरखरीने जाग आली. स्वयंपाकघरात दिवा होता. आक्का आंघोळ करून, स्वच्छ लुगडे नेसून ओट्यापाशी उभ्या होत्या आणि कुकरात चक्क वाळू ओतत होत्या! परसात घराच्या दुरुस्तीसाठी आणलेली वाळू पडली होती. आदल्या दिवशी सूर्यास्तापूर्वीच त्यांनी ती चाळून, धुऊन पत्र्यावर वाळत घातली होती. मी विचारले, तर म्हणाल्या, "काल पाण्यानं घात केला. मग आठवलं, चुरमुऱ्याच्या भट्टीत काय असतं? वाळू. कोरडी धग लागती त्याला." सांगलीच्या बाईला भडंगाच्या चुरमुऱ्यांवरून केकचे शास्त्र उमगावे, हे तसे योग्यच होते. यजमान स्फोटाच्या धास्तीने मध्ये पडले आणि त्यांनी कुकराची रिंग व शिट्टी काढून ठेवली, हे मात्र फार चांगले केले.

सूर्य वर आला. भांड्यातील पीठ फुगू लागले, कडेने सोनेरी झाले. आक्कांना वाळूच्या धगेचा अंदाज नव्हता आणि गॅस मोठा राहिला, त्यामुळे बूड बोटभर करपले आणि कुकर जन्माचा काळा झाला. परंतु वरचे तीन बोटे जे होते, तो केक होता, खराखुरा, जाळीदार. आक्कांनी मुलाला उठवले, न्हाऊ-माखू घातले, पाटावर बसवले आणि पुन्हा निरांजन लावले. यजमान म्हणाले, "आक्का, औक्षण काल झालं की."

"काल त्याची आई नव्हती," आक्का म्हणाल्या. मग माझ्याकडे न पाहताच पुढे म्हणाल्या, "काल सूर्य काय तुझ्यासाठी थांबंना. म्हणून आज मीच त्याच्या आधी उठले."

त्या सकाळी मी करपलेल्या बुडासकट दोन तुकडे खाल्ले आणि अकराला बँकेत हजर झाले. राजीनाम्याचा विषय मी पुन्हा कधी मनात आणला नाही.

तेव्हापासून आमच्या घरी दरवर्षी दोन केक होऊ लागले. ३१ मार्चला सहाच्या आत एक, मुलाच्या मित्रांसाठी. आणि १ एप्रिलला सूर्योदयानंतर एक, घरच्यांसाठी. दोन केक म्हणजे फजितीला दोन संध्या, आणि आम्ही त्यांतील फारशी वाया जाऊ दिली नाही. एका वर्षी बटर पेपर संपला म्हणून यजमानांनी वर्तमानपत्र कापून भांड्यात घातले. केकच्या बुडावर सोन्याचांदीचे भाव उलटे उमटले. यजमानांनी ते आरशात धरून मोठ्याने वाचले आणि मग तो थर सुरीने काढून टाकला. छपाईच्या शाईचा कागद खाद्यपदार्थाला लावू नये, हे त्या दिवशी सर्वांच्या लक्षात राहिले. दुसऱ्या एका वर्षी मैदा कमी पडला, तेव्हा मी थोडे बेसन मिसळायला निघाले. आक्कांनी माझा हात वरच्या वर धरला. समोर दह्याचे भांडे होते. दही आणि डाळीचे पीठ म्हणजे द्विदल! घाईत माझ्या ध्यानातच आले नव्हते.

१९९३ साली चिरंजीव सात वर्षांचे झाले आणि त्यांनी केकच्या देखरेखीचे काम आपणहून अंगावर घेतले. दर चार मिनिटांनी झाकण उघडून ते पाहणी करीत. थंड हवा आत गेली आणि अर्धवट फुगलेला केक मधोमध बसला. वर तळहात मावेल एवढा खड्डा. मुले दाराशी जमलेली, घड्याळात साडेपाच. आक्कांनी क्षणभर विचार केला आणि घरी पाडव्याचे उरलेले चक्क्याचे काम चालू होते, ते श्रीखंड त्या खड्ड्यात ओतून सपाट केले. मुलांनी त्या केकचा असा फडशा पाडला की पुढील वर्षी प्रत्येक जण विचारू लागला, "खड्ड्याचा केक हाय का?" त्यानंतर आम्ही तो खड्डा मुद्दाम पाडू लागलो, आणि गंमत अशी की मुद्दाम पाडायला गेल्यावर केक बसेनासा झाला.

सर्वांत महाग फजिती यजमानांची. घरात तापमानाचा काटा असलेला पहिला ओव्हन आला तेव्हा त्यांनी सूत्रे हाती घेतली. पुस्तकात लिहिले होते ३५० अंश. ओव्हनचा काटा २५० वरच संपत होता. ते म्हणाले, "शंभर कमी पडतात, तर निदान पूर्ण फिरवू." जन्मभर गणित शिकवलेल्या गृहस्थांनी पुस्तकातील अंश फॅरनहाइटचे आणि काट्यावरचे सेल्सिअसचे आहेत हे पाहिले नाही. ३५० मधून ३२ वजा करून पाचाने गुणावे, नवाने भागावे, म्हणजे १७७ च्या आसपास येते. पंचवीस मिनिटांनी निघाला तो बाहेरून कोळसा आणि आतून खीर. माझा 'एक चमचा' त्या दिवसापर्यंत घरात थट्टेचा विषय होता. नंतर तो कोणी काढला नाही.

आक्का २००९ साली गेल्या. शेवटची दोन वर्षे त्यांना उभे राहवत नव्हते, खुर्ची ओट्यापाशी लावून त्या हात न लावता केवळ सांगत, "पीठ लई फेटू नको, चिवट हुतंय." अगदी खरे आहे ते. मैदा ओला झाल्यावर जितका जास्त घोटावा तितका तो रबरासारखा होतो. त्या गेल्यानंतरच्या १ एप्रिलला मी एकटीनेच केक केला. मुलगा पुण्याला नोकरीला होता. यजमान आणि मी एकेक तुकडा खाल्ला आणि उरलेला शेजारच्या मुलांना दिला.

२०१९ साली मी निवृत्त झाले. पुढील ३१ मार्चची मी वर्षभर वाट पाहिली. तीस वर्षांनंतर प्रथमच त्या दिवशी मी घरी असणार होते. मुलगा, सूनबाई आणि नात सांगलीला येणार होते. आणि २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. तिकीट रद्द झाले. त्या वर्षी मी घरी होते आणि मुलगा नव्हता. साडेपाचला केक झाला. फोनच्या पडद्यासमोर ठेवून मी त्याला दाखवला आणि इतकी वर्षे मनात ठेवलेला प्रश्न त्या दिवशी विचारला, "लहानपणी तुला वाईट वाटायचं का रे, आई नसायची म्हणून?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "संध्याकाळी वाटायचं. दाराकडे बघायचो. खोटं कशाला सांगू? पण आई, मला चौथीपर्यंत वाटायचं की सगळ्यांचाच वाढदिवस दोन दिवस असतो. एकदा मित्राच्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी त्याच्या घरी जाऊन बसलो होतो. त्याच्या आईनं विचारलं, काय रे? म्हटलं, दुसरा केक कधी कापायचा?"

पलीकडे सूनबाई हसत होती. अलीकडे यजमान हसत होते. मीही हसले. त्याच्या उत्तराचा पहिला भाग मात्र मी विसरलेले नाही, आणि तो त्याने मला सांगितला याचे मला बरे वाटते.

गेल्या वर्षी नातीच्या वाढदिवसाला मी पुण्यात होते. सूनबाईला कार्यालयात काही तातडीचे काम निघाले आणि ती रात्री दहाला घरी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी तिच्या ओट्यापाशी उभी होते. अनोळखी स्वयंपाकघर, डब्यांवर नावे नाहीत; मैदा समजून मी मक्याचे पीठ घातले. केक सुरीने कापता येईना, हात लावताच भुगा होई. आम्ही तो वाट्यांत घेऊन चमच्याने खाल्ला. सूनबाईच्या खांद्याला कार्यालयाची बॅग होती आणि ती उभ्यानेच दुसरी वाटी मागत होती.

आता थोडे उपयोगाचे. विकतचा केक आणताना नुसता हिरवा ठिपका पाहून थांबू नये. कायद्याने अंडे मांसाहारी गणले जाते, त्यामुळे हिरवे चिन्ह असलेल्या पदार्थात अंडे नसते, हे खरे; परंतु त्याच व्याख्येतून मध वगळलेला आहे, म्हणून मध घातलेल्या केकलाही हिरवे चिन्ह असू शकते. ज्यांना मध वर्ज्य आहे त्यांनी घटकांची बारीक अक्षरांतील यादी अवश्य वाचावी. सुट्या केकच्या बाबतीत सजावटीत जिलेटिन आहे का, हे मोकळेपणाने विचारावे.

आणि घरी करायचा असेल तर आमच्याकडे अनेक फजित्यांतून गाळून उरलेली कृती अशी. एक वाटी ताजे दही आणि पाऊण वाटी साखर विरघळेपर्यंत फेटावी. त्यात सव्वा टी-स्पून बेकिंग पावडर आणि अर्धा टी-स्पून खाण्याचा सोडा घालून पाच मिनिटे ठेवावे. वर बुडबुडे आले पाहिजेत. मग अर्धी वाटी बिनवासाचे तेल आणि थोडी वेलचीपूड घालावी. दीड वाटी चाळलेला मैदा तीन-चार वेळा विभागून, हलक्या हाताने मिसळावा. वाटी सगळीकडे एकच, चहाच्या कपाएवढी घ्यावी. पीठ तयार झाले की वाट पाहू नये, कारण वायू निघून जातो. तेल-मैदा लावलेल्या भांड्यात ओतून आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये १८० अंश सेल्सिअसवर पस्तीस ते चाळीस मिनिटे भाजावे आणि पहिली पंचवीस मिनिटे दार उघडू नये. कुकर वापरायचा असल्यास रिंग व शिट्टी काढावी, तळाशी बोटभर मीठ किंवा स्वच्छ वाळू पसरून वर तिवई ठेवावी, दहा मिनिटे तापवावे आणि मंद आचेवर पाऊण ते एक तास ठेवावे. मध्यभागी खुपसलेली सुरी कोरडी निघाली की केक झाला. खड्डा पडला तर श्रीखंड आहेच.

ती पे-इन स्लिप अजून माझ्याकडे आहे. तुपाच्या डागांनी पारदर्शक झाली आहे. माझ्या घाईच्या अक्षरात 'सोडा एक चमचा' असे लिहिलेले आहे. त्यावर काट मारून आक्कांनी शिसपेन्सिलीने 'चिमूट' असे लिहिले आहे. खाली त्यांच्याच थरथरत्या, गोल अक्षरांत आणखी दोन ओळी आहेत: 'कुकरात पाणी नको. दोन वेळचं सामान आणणे.'